दहाव्या कलमातल्या शेळ्या

अमृतसरचा तह म्हटला की ७५ लाख नानकशाही रुपये आणि काश्मीर, एवढेच आपल्याला आठवते. १६ मार्च १८४६ च्या त्या तहाचे दहावे कलम मी नीट वाचले ते लडाखला पोस्टिंग आल्यावर. इंग्रजांचे वर्चस्व मान्य असल्याची खूण म्हणून गुलाबसिंगाने दरवर्षी काय द्यायचे? एक घोडा, शालीच्या लोकरीची उत्तम जातीची बारा जनावरे (सहा बोकड, सहा शेळ्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. शाल जोडीनेच मोजली जाई. आपल्या दरबारांतली मानाची शालजोडी तीच, आणि तिच्यात गुंडाळून हाणायचा जोडाही आपलाच!

या शेळीपायी आधी लढायाही झाल्या होत्या. १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखमार्गेच काश्मीरला जायची, असे ठरले होते. १८३४ मध्ये जोरावरसिंगाने लडाख जिंकायला घेतले आणि व्यापाऱ्यांनी वाट बदलली. माल सतलजच्या खोऱ्यातून बुशहरकडे वळला. १८४१ ची तिबेट मोहीम आपण शौर्यगाथा म्हणून वाचतो आणि ती आहेच, पण तिच्यामागे या लोकरीचाही हिशेब होता. डिसेंबरात, तिबेटच्या थंडीत जोरावरसिंग पडला. पुढच्या वर्षी झालेल्या, चुशूलचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तहात लोकरीची जुनी वाट पुन्हा कायम झाली. फौजी माणसाला चुशूल म्हटले की १८ नोव्हेंबर १९६२ आणि रेझांग ला आठवते. त्याच गावाच्या नावाचा एक तह लोकर आणि चहाच्या व्यापाराबद्दलही बोलतो, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

या सगळ्या कागदांत राजे आहेत, व्यापारी आहेत, शेळ्याही आहेत. शेळी राखणारा चांगपा आणि शाल विणणारा कारागीर मात्र नाही. श्रीनगरात शालीवर 'दाग' म्हणजे सरकारी शिक्का बसे आणि त्या खात्याचा कर विणकराचे कंबरडे मोडी. त्याला धंदा सोडायची मुभा नव्हती, खोरे सोडायचीही नव्हती. २९ एप्रिल १८६५ ला विणकर रस्त्यावर उतरले. डोगरा सैन्याने त्यांना पुलाकडे रेटले आणि निदान २८ जण पाण्यात बुडून मेले. ज्या फौजेच्या पराक्रमाचा आम्ही अभ्यास करतो तिचेच हे काम, तेही वाचायला हवे. पाच वर्षांत फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, युरोपातली मागणी आटली आणि उरलेसुरले विणकरही देशोधडीला लागले.

चांगपांचे काम आजही तसेच आहे. हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरतो, म्हणून शेळीच्या अंगावर राठ केसांखाली ही मऊ लव येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी जनावर आडवे धरून फणीने ती विंचरून काढतात. एका शेळीची साधारण पाव किलो निघते आणि साफ केल्यावर त्याच्या निम्मीही उरत नाही.

लोकर कुणाची, कशी मिळवली हे विचारणारे गिऱ्हाईक आता वाढले आहे, हे चांगलेच. काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकनही आहे: धागा १६ मायक्रॉनच्या आतला, सूत हाताने कातलेले, विणकाम हातमागावरचे. बनावट मालाला त्याने चाप बसतो. पण राखणाऱ्याच्या हाती किती पडले, हे तो शिक्का सांगत नाही. सत्काराला शाल घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा.

१९६२ नंतर इथली काही जुनी हिवाळी कुरणे तुटली. तिबेटातून आलेल्या निर्वासितांचे कळपही उरलेल्या गवतावर आले. एखाद्या हिवाळ्यात बर्फ जास्त पडले की करडे पटापट मरतात. खारनाकची कितीतरी कुटुंबे जनावरे विकून लेहजवळ खारनाकलिंगला येऊन राहिली आहेत. तिथे मुलांना शाळा आहे, म्हाताऱ्यांना दवाखाना आहे आणि बाप्यांना रोजंदारी मिळते.