वेंगुर्ले

वेंगुर्ले : महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अरबी समुद्रकाठचे नगर, जुने बंदर आणि तालुक्याचे ठिकाण. लोकसंख्या सुमारे १२ हजार (२०११). १५° ५१' उत्तर अक्षांश व ७३° ३८' पूर्व रेखांशावर, सावंतवाडीच्या पश्चिमेस ते वसले आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तोवर ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. दक्षिणेला गोव्याची हद्द जवळ असल्याने त्याच्या इतिहासातील बरेचसे चढउतार गोव्याशी जोडलेले आहेत.

डच वखार : सतराव्या शतकात पोर्तुगिजांना शह देण्यासाठी डच आरमार दरवर्षी गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करी. त्या जहाजांना गोडे पाणी, तांदूळ आणि निवाऱ्याची जागा हवी होती. वेंगुर्ले तेव्हा आदिलशाहीत होते. विजापूरच्या परवानगीने डचांनी १६३८ च्या सुमारास येथे वखार घातली. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने येथील उत्तम पाण्याची, तांदळाची आणि वेलदोड्यांच्या व्यापाराची नोंद केली आहे. डच व पोर्तुगीज यांच्यात तह होऊन १६६३ मध्ये नाकेबंदी संपली आणि वखारीचे लष्करी महत्त्व ओसरले. तरीही येथून गेलेली डच पत्रे शिवकाळाच्या अभ्यासात मोलाची ठरली, कारण शिवाजी महाराजांच्या कोकणातील हालचालींच्या बातम्या वखारवाले आपल्या वरिष्ठांना कळवीत असत. वखारीचे भग्नावशेष गावात आजही उभे असून ते संरक्षित स्मारक आहेत.

सत्तांतरे : या बंदराला व्यापाराची किंमतही मोजावी लागली. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने, तर १६७५ मध्ये मोगलांनी गाव जाळले. १६९६ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी ते लुटले. पुढे सावंतवाडीकर आणि इंग्रज यांच्यातील करारमदारांत वेंगुर्ल्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने ते कायमचे इंग्रजांना दिले. समुद्रावरील चाचेगिरी मोडणे हा त्यामागे इंग्रजांचा मुख्य हेतू होता.

बंदराची भरती-ओहोटी : एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले हे बेळगावच्या छावणीचे आणि घाटमाथ्यावरील मुलखाचे बंदर बनले. आंबोलीच्या घाटातून बैलगाड्यांचे तांडे उतरत आणि चढत. मुंबईच्या आगबोटी समुद्रात नांगर टाकीत व उतारू पडावांतून धक्क्याला लागत. १८७६ मध्ये येथे नगरपालिका आली. १८८८ मध्ये मुरगावहून घाटाकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माल त्या वाटेने वळू लागला. वेंगुर्ल्याचे आजचे शांतपण मुळात या घटनेतून आले. बंदरावरची वर्दळ ओसरत गेली, पण गाव ओस पडले नाही. जमीन, समुद्र आणि शाळा यांच्या आधारे त्याने आपला संसार नव्याने मांडला. हीच वेंगुर्ल्याची खरी ओळख आहे.

फळशास्त्र : १९५७ मध्ये येथे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र सुरू झाले. ते आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ व रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून पातळ कोयीचा ‘सिंधू’ हे आंबे या केंद्राने दिले. काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील वाण तर कोकणाबाहेरही लावले जातात. त्यांतील वेंगुर्ला-४ चा एक जनक ‘वेतोरे-५६’ आहे. तालुक्यातील वेतोरे गावचे नाव अशा रीतीने शेतीच्या शास्त्रात गेले. कातळावर आणि वरकस जमिनीवर उभ्या राहिलेल्या काजूच्या बागा म्हणजे प्रयोगशाळा व शेतकरी यांनी मिळून केलेल्या कामाचे फळ आहे.

समुद्र व जीवसृष्टी : गाबीत मच्छीमारांची रापण हा येथील सामूहिक श्रमाचा जुना प्रकार. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि मग किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी दोन्ही टोकांनी ते ओढून घ्यायचे, मिळालेल्या मासळीची वाटणी करायची, अशी तिची रीत आहे. यांत्रिक मासेमारीमुळे रापण कमी झाली. तिच्याबरोबर किनाऱ्यालगतची मासळी आणि छोट्या मच्छीमाराचा हक्क हे प्रश्न ऐरणीवर आले. वायव्येस समुद्रात असलेले ‘वेंगुर्ला रॉक्स’ हे खडक पाकोळ्यांच्या वसाहतीसाठी प्रसिद्ध आहेत. लाळेने बांधलेल्या त्यांच्या घरट्यांना परदेशी बाजारात मोठी किंमत मिळते. त्यामुळे त्यांची चोरटी तोड झाली आणि संरक्षणाची गरज पुढे आली. तालुक्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

संस्कृती : बोली मालवणी. ग्रामदेवता श्री देवी सातेरी. गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतार रंगतो. त्याची संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेले असते. संवाद नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात. पुराण मुखोद्गत असणे, भाषेवर हुकमत आणि पदे म्हणण्याची तयारी असल्याशिवाय हे साधत नाही. तालुक्यातील मोचेमाड हे या कलेचे नावाजलेले गाव आहे.

कवी मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) आणि संसदपटू बॅ. नाथ पै (१९२२–१९७१) हे वेंगुर्ल्याचेच सुपुत्र. तालुक्यातील शिरोडे येथे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. तेथील मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. अमेरिकन मिशनच्या रुग्णालयाने विसाव्या शतकात परिसराला मोठा आधार दिला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व पुढे भारतातील अमेरिकेचे राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन हे येथील मिशनरी डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच झाला.

नगरव्यवस्था : अलीकडच्या काळात नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करण्याची पद्धत रुजवली. ओल्या कचऱ्यापासून खत व वायू तयार होतो आणि प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांसाठी वापरला जातो. जुनी कचराभूमी आता पाहुण्यांना दाखवण्याजोगी जागा झाली आहे. लहान नगरांना पैसा कमी पडतो हे खरे. पण घरातल्या माणसाने शिस्त मनावर घेतली तर कमी पैशातही गाव बदलते, हे वेंगुर्ल्याने दाखवले. पर्यटन वाढत असताना किनारा, कासवे, रापण आणि बागायत यांचा तोल सांभाळणे हे त्याच्यापुढचे आजचे काम आहे. शिस्तीची ही सवय त्या कामीही उपयोगी पडावी.