घोळण्यावरील इलाजाची कुळकथा

वैशाखाच्या उन्हात खेळून आलेल्या पोराचा घोळणा फुटला की त्याला सावलीत उताणे निजवावे, टाळूवर गार पाणी थापावे आणि कांदा फोडून हुंगवावा, हा नाशिककडील घरांचा जुना शिरस्ता ज्यांना निव्वळ आजीबाईचा बटवा वाटतो, त्यांनी चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रक्तपित्ताचा चौथा अध्याय अवश्य पाहावा. नासागत रक्तावर नस्यासाठी तेथे द्राक्षांचा रस, डाळिंबाच्या फुलांचा रस, दूर्वांचा रस आणि कांदाही सांगितला आहे; निफाड, सटाणा आणि लासलगाव यांच्या बाजारपेठांतील आवकेची फर्दच वाचतो आहोत, असा भास व्हावा. दूषित रक्त वाहून जाण्यापूर्वीच नस्याने ते अडवू नये, अशी ताकीदही ग्रंथकार देतो. उताणे निजविण्याला मात्र आजचे वैद्यक हरकत घेते, कारण रक्त घशात उतरते.

रस पिळून नाकात घालणे निराळे आणि फुटलेली शीर बंद करणे निराळे. सुश्रुताने रक्तस्तंभनाचे चार मार्ग मांडले: तुरट द्रव्यांनी व्रण सांधावा, शैत्याने रक्त गोठवावे, भस्माने पाचन करावे आणि शेवटी दाहाने शिरा आकुंचित कराव्यात. रक्त बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढील भागातून येते, हे 1879 साली न्यूयॉर्कच्या जेम्स लिटलने दाखविल्यावर तेथे सिल्व्हर नायट्रेटची कांडी टेकविण्याची जी रीत रूढ झाली, ती या चौथ्या मार्गाचीच नातलग म्हणावी.

डाग देऊनही रक्त न थांबल्यास पट्टीची पाळी येते. पहिल्या महायुद्धात, 1916 च्या सुमारास, न्यूकॅसलचे शल्यविशारद रदरफर्ड मॉरिसन यांनी सैनिकांच्या कुजणाऱ्या जखमांसाठी बिस्मथ, आयोडोफॉर्म आणि पॅराफिन यांचा पिवळा, उग्र वासाचा लेप प्रचारात आणला. पुढे तोच लेप लावलेली लांब, अरुंद जाळीदार पट्टी नाकपुडीत तळापासून घडीवर घडी रचून भरली जाऊ लागली, आणि औषध व दाब ही दोन कामे एकाच वस्तूवर सोपविली गेली. रोग्याला हा प्रकार अत्यंत अप्रिय, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही.

म्हणूनच जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने 1962 साली जगापुढे आणलेल्या ट्रानेक्सामिक आम्लात भिजविलेला बोळा पट्टीची यातना चुकवील, अशी मोठी आशा होती. परंतु ब्रिटनमधील 496 रोग्यांवरील चाचणीचा 2021 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की औषधाचा बोळा आणि साध्या पाण्याचा बोळा या दोहोंनंतर पट्टी भरण्याची वेळ जवळजवळ सारख्याच रोग्यांवर आली. त्यामुळे पुढे वाकून बसणे आणि नाकाचा मऊ भाग दहापंधरा मिनिटे न सोडता चिमटीत दाबून धरणे, या बिनखर्ची तजविजीचा पहिला मान अद्याप कोणत्याही औषधाने हिरावून घेतलेला नाही.