दहा टक्के सह्या आणि एक रुग्णालय

रुग्णालय हवे असेल तर आधी एक छोटे सरकार स्थापन करावे लागते, असा कायदा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९४५ साली केला. (हे राजधानीचे शहर नव्हे, वायव्येकडील, पॅसिफिक किनाऱ्यावरचे राज्य.)

या संस्थेचे नाव ‘पब्लिक हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट’. डिस्ट्रिक्ट म्हणजे येथे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. नगरपालिकेप्रमाणे मालमत्तेवर कर लावणारी, कर्जरोखे काढणारी, पण केवळ आरोग्यसेवेपुरती निर्माण झालेली ही स्थानिक संस्था.

तिचा साचा मात्र विजेचा. १९३० साली ग्रेंज या शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने मतदारांनी सार्वजनिक वीजसंस्थांचा कायदा मंजूर केला होता. त्यातील १० टक्क्यांची अट रुग्णालयांच्या कायद्यातही आढळते.

काउंटीच्या मागील सार्वत्रिक निवडणुकीत ८,००० मते पडली असतील, तर अर्जावर ८०० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या हव्यात. अर्ज जातो काउंटी ऑडिटरकडे. पदनाम हिशेबतपासनिसाचे असले तरी निवडणुकीचे दप्तरही सामान्यतः त्याच्याचकडे असते. तो सह्या तपासतो. एकदा अर्ज दाखल झाला की कोणालाही आपले नाव मागे घेता येत नाही. लहान गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दबाव काय असतो, हे जाणणाऱ्यानेच ही तरतूद लिहिली असावी.

सह्या पुरेशा ठरल्या की काउंटीच्या कारभाऱ्यांना हा प्रश्न मतदानास टाकणे भाग पडते. सह्यांनी मिळते ते एवढेच. रुग्णालय अजून दूर असते.

कारण साधे बहुमत पुरत नाही. या प्रश्नावर पडलेली एकूण मते मागील निवडणुकीतील मतांच्या ४० टक्क्यांहून अधिक असावी लागतात. वरील उदाहरणात बाजूने १,७०० आणि विरोधात ९०० मते पडली, तर बहुमत असूनही ठराव फसतो; ३,२०० चा उंबरठा ओलांडलेला नसतो. म्हणजे विरोधकाने घरी बसणे हेही एक प्रकारचे मतच. खरी कसोटी सह्या जमवण्यापेक्षा लोकांना मतदान केंद्रापर्यंत आणण्यात होती.

१९४६ साली हिल-बर्टन कायद्याने रुग्णालयांच्या बांधकामासाठी केंद्राचा पैसा खुला झाला, पण सगळा खर्च केंद्र देणार नव्हते. उरलेला वाटा कोठून तरी उभा करायचा होता, आणि कर लावू शकणारी संस्था तो उभा करू शकत होती.

आणखी एक गंमत. संस्थेचे पहिले आयुक्त याच मतदानात निवडले जातात. ठराव फसला, तर त्यांची निवडही आपोआप रद्द होते.