खिडकी-गुणधर्म, संगणकीय

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक आज्ञावली काम करीत असताना प्रत्येकीला मिळालेल्या चौकटबद्ध भागास खिडकी म्हणतात. खिडक्यांची मांडणी, त्यांच्या कडा व शीर्षकपट्ट्या, त्यांचे लहानमोठे होणे, एकीने दुसरीस झाकणे इ. गोष्टींवर देखरेख करणारी आज्ञावली म्हणजे खिडकी-व्यवस्थापक होय. आपल्या खिडकीचे नाव काय, ती किमान केवढी असावी, ती स्वतंत्र आहे की दुसऱ्या खिडकीची आश्रित, ही माहिती प्रत्येक आज्ञावली व्यवस्थापकासाठी खिडकीवर नोंदवून ठेवते. अशा नोंदींना खिडकीचे गुणधर्म असे नाव आहे. गुणधर्म ही आज्ञा नसून विनंती असते, हे या पद्धतीचे मुख्य तत्त्व होय. पडद्यावरील अंतिम अधिकार आज्ञावलीचा, व्यवस्थापकाचा की संगणकापुढे बसलेल्या माणसाचा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही पद्धत घडत गेली. एक्स विंडो सिस्टिम या प्रणालीच्या इतिहासात ही घडण स्पष्टपणे दिसते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेला आल्टो, त्याच कंपनीचा १९८१ मधील स्टार व ॲपल कंपनीचा १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांत खिडक्यांचे स्वरूप निर्मात्यानेच ठरविलेले होते. यंत्र व त्यावरील प्रणाली एकाच घरच्या असल्याने अधिकाराचा वाद तेथे फारसा उद्‌भवला नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथीना प्रकल्पात मात्र परिस्थिती निराळी होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात भिन्न बनावटीच्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालणे आवश्यक होते. याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल असेंटे व ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची खिडकी-प्रणाली तयार केली होती. तिच्या आधारे एमआयटीतील रॉबर्ट शाइफ्लर यांनी नवी प्रणाली रचून जून १९८४ मध्ये जाहीर केली. रोमन वर्णमालेत ‘डब्ल्यू’नंतर येणारे अक्षर म्हणून तिला ‘एक्स’ हे नाव देण्यात आले. पुढील विकासात जिम गेटिस यांचा मोठा वाटा आहे.

या प्रणालीचे दोन विशेष महत्त्वाचे आहेत. आज्ञावली एका यंत्रावर चालत असताना तिची खिडकी जालाने जोडलेल्या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसू शकते, हा पहिला विशेष. ‘साधने द्यावीत, धोरण लादू नये’ हे तत्त्व हा दुसरा. पडद्याचा ताबा असलेली सर्व्हर ही आज्ञावली केवळ आयत रेखाटते आणि कळफलक व माउस यांवरील हालचाली योग्य ठिकाणी पोहोचविते. खिडकीला शीर्षकपट्टी असावी की नसावी, याविषयी ती काहीच ठरवीत नाही. ते काम खिडकी-व्यवस्थापकाकडे सोपविलेले असून तोही इतरांसारखीच एक साधी आज्ञावली असतो. वापरणाऱ्याने तो हवा तेव्हा बदलावा, अशी मुभा त्यामुळे मिळाली. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ मध्ये लिहिलेला ‘ट्वम’ हा अशा आरंभीच्या व्यवस्थापकांपैकी एक होय.

यंत्रणा : १५ सप्टेंबर १९८७ रोजी एक्स प्रणालीची अकरावी आवृत्ती प्रसृत झाली. तिच्या संदेशनियमांत गुणधर्मांची सर्वसामान्य यंत्रणा आहे. प्रत्येक गुणधर्मास एक नाव, एक प्रकार व ८, १६ किंवा ३२ बिटांच्या घटकांत मांडलेला आशय असतो. लांबलचक नावे वारंवार पाठवावी लागू नयेत म्हणून सर्व्हर प्रत्येक नावास एक क्रमांक देतो. त्यास ॲटम म्हणतात. असे ६८ ॲटम आधीच ठरवून दिलेले आहेत. आशयाचा अर्थ सर्व्हर लावीत नाही. सूचनाफलकाप्रमाणे तो नोंद जपून ठेवतो आणि ती बदलल्यास संबंधितांना कळवितो. आज्ञावलीने खिडकी पडद्यावर आणण्याची विनंती केली की, ती विनंती सर्व्हर व्यवस्थापकाकडे वळवितो. व्यवस्थापक गुणधर्म वाचतो, खिडकीभोवती चौकट घालतो व मगच ती दाखवितो. म्हणून खिडकी दाखविण्यापूर्वीच गुणधर्म लिहिणे आवश्यक असते. विनंत्या वळवून घेण्याचा हा अधिकार एका वेळी एकाच आज्ञावलीस मिळतो. त्यामुळे एका पडद्यावर दोन व्यवस्थापक नांदू शकत नाहीत.

संकेतांची निश्चिती : यंत्रणा सिद्ध झाली, तरी कोणत्या नोंदीचा काय अर्थ घ्यावयाचा हे सर्वांनी मिळून ठरविल्यावाचून तिचा उपयोग नव्हता. एका व्यवस्थापकाखाली नीट चालणारी आज्ञावली दुसऱ्याखाली बिघडू लागली, तर व्यवस्थापक निवडण्याचे स्वातंत्र्य नाममात्रच उरले असते. एमआयटी येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एक्स कन्सॉर्शियमने यासाठी एक संकेत-पुस्तिका तयार करविली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील डेव्हिड रोझेंथल यांनी लिहिलेली ही पुस्तिका १९८९ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली. तिची दुसरी आवृत्ती अकराव्या आवृत्तीच्या सहाव्या प्रसृतीबरोबर १९९४ मध्ये आली. दरम्यान १९८९ च्या अखेरीस झालेल्या चौथ्या प्रसृतीत नाव, चिन्हाचे नाव, आकारमान, वर्ग इ. मुख्य गुणधर्म एकाच हाकेसरशी लिहिणारे नवे फलन कार्यक्रमकारांना उपलब्ध झाले व जुने फलन कालबाह्य ठरले.

या संकेतांमागील दृष्टी काही उदाहरणांवरून स्पष्ट होते. आकारमानाच्या गुणधर्मात किमान व कमाल आकाराबरोबर वाढीची पायरीही नोंदविता येते. अक्षरे दाखविणाऱ्या खिडकीने एका अक्षराची रुंदी व उंची ही पायरी म्हणून दिल्यास खिडकी पूर्ण अक्षरांच्याच हिशेबाने लहानमोठी होते आणि व्यवस्थापक तिचे माप चित्रबिंदूंऐवजी ८० स्तंभ व २४ ओळी असे दाखवू शकतो. स्थानाच्या बाबतीत दोन वेगळ्या खुणा आहेत. जागा वापरणाऱ्याने सांगितली असल्यास एक आणि आज्ञावलीनेच सुचविली असल्यास दुसरी. पहिलीचा मान राखावा. दुसरी व्यवस्थापकाला न पटल्यास त्याने बाजूला ठेवावी, अशी अपेक्षा असते. माणसाची इच्छा व यंत्राची सूचना यांत भेद करणारी ही एक बिटाची नोंद सबंध पद्धतीचे सार सांगते. अर्थात तिचा गैरवापरही शक्य आहे; स्वतःची पसंती वापरणाऱ्याची म्हणून खपविणाऱ्या आज्ञावलीला अडविण्याचे साधन या यंत्रणेत नाही.

खिडकी बंद करण्याचा संकेत वापरणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. व्यवस्थापकाने आज्ञावलीचा सर्व्हरशी असलेला संबंध एकाएकी तोडल्यास न साठविलेले लेखन नष्ट होण्याचा धोका असतो. ‘बंद करण्यापूर्वी मला विचारा’ असे गुणधर्मात नोंदविलेले असल्यास व्यवस्थापक केवळ संदेश पाठवितो. लेखन साठवावयाचे काय, हे वापरणाऱ्यास विचारण्याची संधी आज्ञावलीला मिळते.

पुढील विस्तार : केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी कार्यपट्टी, अनेक आभासी पडदे, पूर्णपडदा खिडकी इ. सोयी आणल्या. मूळ पुस्तिकेत त्यांची तरतूद नसल्याने प्रत्येकाने आपापले गुणधर्म योजले. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या व्यासपीठावर त्यांचा मेळ घालण्यात येऊन विस्तारित संकेत तयार झाले. खिडकीचा प्रकार, तिची अवस्था, आज्ञावली प्रतिसाद देते की नाही याची चाचणी इत्यादींचा त्यांत समावेश आहे.

मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने त्यांतील एक बदल विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या संकेतांनुसार खिडकीचे नाव साध्या रूपात पश्चिम यूरोपीय लिप्यांच्या वर्णसंचात लिहिले जाई. अन्य लिप्यांसाठी असलेल्या संयुक्त पाठाच्या प्रमाण संचांतही देवनागरी नव्हती. नव्या गुणधर्मात नाव यूटीएफ-८ या संकेतनात लिहितात. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते व शीर्षकपट्टीवरील मराठी नाव कोणत्याही व्यवस्थापकाला एकाच अर्थाने वाचता येते.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभ केलेल्या वेलँड या संदेशनियमांत सर्व्हर व व्यवस्थापक ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीकडे आली. सर्वांना वाचता व बदलता येणारा गुणधर्मांचा फलक तेथे नाही. नाव, किमान आकार इ. गोष्टी ठरलेल्या विनंत्यांद्वारे कळवितात. सर्वसाधारण खिडक्यांसाठीचे हे नियम २०१७ मध्ये स्थिर झाले. त्यांत आज्ञावलीला स्वतःच्या खिडकीचे पडद्यावरील स्थान मागण्याची सोय मुळातच ठेवलेली नाही. एक्स प्रणालीत जे संकेताने सांगितले होते, ते येथे रचनेनेच साधले आहे. जुन्या आज्ञावलींसाठी एक्स सर्व्हर वेलँडच्या आतही चालविता येतो व त्यांच्या खिडक्यांवर १९८९ च्या पुस्तिकेतील गुणधर्म आजही लिहिले जातात.