कपबशी, यूरोपीय पोर्सेलीनची
चहा, कॉफी व चॉकोलेट ही गरम पेये घेण्यासाठी अठराव्या शतकापासून यूरोपात तयार होऊ लागलेली पोर्सेलीनची भांडी. ही पेये सतराव्या शतकात यूरोपात रूढ झाली. त्यांच्याबरोबर चीन-जपानमधील पातळ, पारभासी व उकळत्या पाण्याने न तडकणाऱ्या वाट्याही व्यापाऱ्यांनी आणल्या. यूरोपातील मातीची भांडी जाड असत व त्यांच्या झिलईचे टवके उडत. त्यामुळे पोर्सेलीनचे रहस्य शोधण्याची धडपड सुरू झाली.

सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस (१६७०–१७३३) याने सोने बनविण्याचा दावा करणाऱ्या योहान फ्रीड्रिख बटगर (१६८२–१७१९) या तरुण किमयागारास १७०१ पासून कैदेत ठेवले होते. सोने निघाले नाही. मात्र चिर्नहाउस (१६५१–१७०८) या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने १७०८ मध्ये केओलीनयुक्त मातीपासून कठीण पोर्सेलीन सिद्ध झाले. १७१० मध्ये माइसेन येथील किल्ल्यात कारखाना निघाला. बटगरची १७१४ मध्ये सुटका झाली. पण वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो मरण पावला. कडक पहारा असूनही कारागिरांकरवी रहस्य फुटले आणि १७१८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्नाच्या कारखान्यास त्याचा लाभ झाला.

कपाची घडण पेयानुसार ठरली. आरंभीचे चहाचे कप चिनी वाट्यांप्रमाणे बसके व बिनकानाचे असत; बोटे भाजू नयेत म्हणून पुढे कान जोडण्यात आला. कॉफीचा कप उभट, तर चॉकोलेटचा कप त्याहून उंच व पुष्कळदा दोन कानांचा आणि झाकणाचा असे. कप डळमळू नये म्हणून काही बशांच्या मध्यभागी उंच कठडा ठेवीत. खोलगट बशीत चहा ओतून, निववून पिण्याची चालही तेथे होती. महाराष्ट्रीय वाचकास ती अपरिचित वाटणार नाही.

केओलीन उपलब्ध नसलेल्या ठिकाणी काचद्रव्य मिसळून मृदू पोर्सेलीन बनवीत. फ्रान्समध्ये व्हँसेन (१७४०) येथील व तेथून १७५६ मध्ये सेव्ह्‌र येथे हलविलेल्या कारखान्याचे रंगकाम अप्रतिम होते. तथापि उकळत्या पाण्याने तडकणे, हा अशा भांड्यांचा दोष होता. इंग्लंडमध्ये वुस्टर (१७५१) येथे मिश्रणात शंखजिऱ्याचा दगड वापरून तो टाळण्यात आला. शतकाच्या अखेरीस स्पोड कारखान्याने हाडांच्या राखेचे पोर्सेलीन रूढ केले आणि इंग्लंडमध्ये तेच प्रमाण ठरले.

जुन्या कपबशीची पारख केवळ तळावरील चिन्हावरून करता येत नाही. माइसेनच्या एकमेकींस छेदणाऱ्या निळ्या तलवारींची नक्कल इतर अनेक कारखान्यांनी केली. कोरी भांडी मागाहून रंगविल्याचीही उदाहरणे आहेत. कप फुटल्यावर उरलेल्या बशीस दुसरा कप जोडलेलाही आढळतो. म्हणून मातीचा पोत, झिलई व नक्षी यांबरोबरच कप व बशी मूळच्या एकाच जोडीतील आहेत की नाहीत, हे पाहणे आवश्यक ठरते.