शिरूर ते दौंड : एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

🧵 थ्रेड

१/ शिरूरहून सकाळी निघावे, दौंडचे काम उरकावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, हा बेत आज चहा पितापिता ठरतो. न्हावरे, पारगाव, चौफुला करीत जावे किंवा काष्टीमार्गे. अंतर पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ‘एका दिवसात जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोण आहे, यावर अवलंबून असे. त्या उत्तराचा हा इतिहास.

२/ आधी नकाशा. शिरूर घोड नदीच्या उजव्या तीरावर आहे. जुने लोक गावाला अजूनही ‘घोडनदी’च म्हणतात. दौंड भीमेच्या उजव्या तीरावर. दोन्ही नद्या आग्नेयेकडे वाहतात आणि दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेला मिळते. म्हणजे शिरूर दोन नद्यांच्या बेचक्यात आणि दौंड त्या बेचक्याबाहेर. वाट कोणतीही धरली तरी भीमा ओलांडल्याशिवाय दौंड गाठता येत नाही.

३/ हा मुलूख पर्जन्यछायेतला. शिरूर तालुक्यात घोडकाठी असलेल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली; पाणी वळवून आणणारा कालवा आणि बांधही सापडला. नदी हाच येथील जीवनाचा आधार. प्रवासाच्या वाटेवर मात्र तीच नदी आडवी येई.

४/ जुन्या काळी प्रवासाचा हिशेब कोसांत आणि मजलांत होई. मजल म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची चाल. भरलेली बैलगाडी तासाला तीन-साडेतीन किलोमीटर चालते. बैलांना पाणी, वैरण आणि विसावा द्यायचा, तर दिवसाची मजल पंधरा-वीस किलोमीटरांची. या हिशेबाने शिरूर ते दौंड तीन मजलांचा प्रवास. दोन रात्री वाटेत काढणे भागच.

५/ हे कोरड्या ऋतूतले. पावसाळ्यात भीमेला उतार मिळत नसे. मग नावेची वाट पाहणे, नाहीतर भोपळ्यांची सांगड. पूर चढला की नावही बंद. तीन मजलांच्या प्रवासाला किती दिवस लागतील, हे नदी ठरवी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघण्याच्या मराठी प्रथेमागे ही साधी गोष्ट होती : पाऊस सरतो, नद्यांना उतार पडतो, वैरण हाताशी येते.

६/ हा हिशेब उलटा मांडणारा माणूस १८०३ साली या मुलखात आला : आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूचा विजेता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला होता आणि त्याला गादीवर परत बसवण्यासाठी वेलस्ली दक्षिणेकडून पुण्याकडे येत होता. अमृतराव पुणे जाळणार असल्याची खबर त्याला बारामतीच्या बाजूला मिळाली. घोडदळ घेऊन तो तडक निघाला आणि २० एप्रिलला पुण्यात पोहोचला : साठ मैल, बत्तीस तासांत.

७/ साठ मैल म्हणजे सुमारे शहाण्णव किलोमीटर. बत्तीस तासांनी भागले, तर ताशी तीन किलोमीटर. म्हणजे जवळपास बैलगाडीचीच चाल! त्या काळी गाजलेल्या या दौडीचे मर्म सरासरी वेगात नव्हते. गाडीवान रात्री थांबतो. ही फौज जवळजवळ थांबलीच नाही. लांबचा पल्ला गाठायला न थांबण्याची सोय लागते, आणि ती सोय प्रत्येकाकडे नसते.

८/ वेलस्लीने नद्यांचाही हिशेब केला. पावसाळ्यात मराठ्यांचे घोडदळ नद्यांमुळे अडते. आपल्याजवळ होड्या असल्या, तर तोच ऋतू आपल्या फायद्याचा. त्याने कातड्याने मढवलेल्या वेताच्या टोपल्यांच्या होड्या तयार करवल्या. युद्ध दसऱ्यानंतर नव्हे, ऐन पावसाळ्यात सुरू झाले आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरचा किल्ला पडला.

९/ पुढे शिरूरला इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी पडली. जागा नेमकी होती : पुणे-नगर रस्त्यावर, दोन्ही शहरांवर नजर ठेवता येईल अशी. येथील कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याच्या कबरीला गावकरी पुढे ‘सत्पुरुषा’चे स्थान मानू लागले. त्या काळी शिरूर हे मोठे ठाणे होते. दौंड हे भीमाकाठचे साधे गाव.

१०/ या छावणीतून निघालेली सर्वांत प्रसिद्ध कूच ३१ डिसेंबर १८१७ ची; वसईच्या तहाला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. बाजीराव मोठ्या फौजेनिशी पुण्याच्या दिशेने येत होता. पुण्यातील इंग्रज अधिकारी कर्नल बर याने शिरूरची कुमक मागवली. कॅप्टन स्टाँटन रात्री आठच्या सुमारास निघाला. सोबत सुमारे पाचशे पायदळ, अडीचशे-तीनशे स्वार आणि दोन तोफा.

११/ सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी कोरेगावजवळ पोहोचली. सत्तावीस मैल, चौदा तास. पुन्हा तीच ताशी तीन किलोमीटरची चाल! समोर भीमेपलीकडे पेशव्यांची फौज उभी होती. पुण्याची वाट बंद झाली होती आणि परतीची मजल मारण्याचे त्राण रात्रभर चाललेल्या सैनिकांत नव्हते. स्टाँटनने कोरेगावच्या गढीचा आणि घरांचा आश्रय घेतला. एका रात्रीचा प्रवास म्हणून केलेला बेत तेथेच संपला.

१२/ दिवसभर गल्लीबोळांतून लढाई झाली. भीमा हाकेच्या अंतरावर होती, पण तिथवर जाण्याची वाट तोडली गेली होती. त्या दिवशी तहानेने गोळ्यांइतकाच त्रास दिला. रात्री पेशव्यांची फौज मागे सरली. स्टाँटनच्या सुमारे ८३४ लोकांपैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दुसऱ्या रात्री पुण्याकडे निघाल्याचे दाखवून त्याने जखमींसह शिरूरची वाट धरली आणि ३ जानेवारीच्या सकाळी तुकडी छावणीत परतली.

१३/ या पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या विजयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि आज दर वर्षी लाखो लोक त्या स्तंभाला अभिवादन करण्यासाठी जातात. त्यांतले अनेक जण दिवसभराचा प्रवास करून येतात, तोही बव्हंशी त्याच पुणे-नगर रस्त्याने.

१४/ चाळीस वर्षांनी पारडे फिरले. जून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस गाडी दौंडवरून पुढे डिकसळपर्यंत धावू लागली. रूळ भीमेच्या दक्षिणेकडून गेले. नदी ओलांडण्याची गरजच ठेवली नाही. दौंडहून पुण्याला एका दिवसात जाऊन येणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. शिरूर रुळांपासून दूर, नदीच्या अलीकडेच राहिले.

१५/ तरीही बहुसंख्य लोकांचा दिवस पायांवरच मोजला जात होता आणि त्याचे माप होते आठवडे बाजार. सकाळी निघून, माल विकून, अंधार पडायच्या आत परतता येईल, एवढ्या टापूतून माणसे बाजाराला येत. जाऊन-येऊन दिवस पुरेल असे हे अंतर फार तर दहा मैलांचे. या वर्तुळातच सोयरीक ठरे, उधारी चाले आणि बातमी पसरे.

१६/ १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला; न्हावी, परीट, पाणी भरणारे, कोणीही त्यांची कामे करीना. हे लोण गावोगाव पसरले. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याला उठाव झाला, तो बाजाराच्याच दिवशी. लोकांना सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हवे होते. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या केडगावात सावकाराच्या घराला आग लागली.

१७/ इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याची चर्चा नेहमी होते. बंडाची बातमी कोणत्या वेगाने गेली, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. बाजाराहून सांजच्याला घरी परतणारा माणूस हाच त्या काळचा वार्ताहर होता.

१८/ पुढच्याच वर्षी पाऊस पडला नाही. १८७६-७८ चा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामे काढली. मुंबई इलाख्यात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल खर्च कमी करण्याच्या मागे होते. पुरुषाच्या मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इथवर खाली आणला गेला. याच्या जोडीला आणखी एक कसोटी होती : अंतराची.

१९/ काम घराजवळ द्यायचे नाही. गावापासून किमान दहा मैल दूरच्या छावणीत जाऊन राहण्याची तयारी असेल, तोच खरा गरजू, असे हे तर्कशास्त्र. ताशी तीन किलोमीटरच्या हिशेबाने दहा मैल म्हणजे जायला पाच-साडेपाच तास आणि यायला तेवढेच. मधे दिवसभराचे मातीकाम. संध्याकाळी घरी परतणे अशक्य. अशक्य व्हावे, हाच त्या अटीचा हेतू होता.

२०/ बाजाराच्या वर्तुळाची जी कड, तिच्या पलीकडे ही रेघ ओढली होती. घरी म्हातारी माणसे, दाराशी शेवटची गुरे. त्यांना सोडून दूरच्या छावणीत जायचे, की घरीच उपाशी बसायचे, हा पर्याय होता. १८७७ च्या सुरुवातीला दख्खनमधील हजारो मजुरांनी कमी केलेल्या मजुरीवर दूरच्या कामांवर जाण्यास नकार दिला. भुकेल्या माणसांचा हा संप होता. न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

२१/ दौंड-मनमाड लोहमार्गाचे काही मातीकाम याच दुष्काळात दुष्काळी काम म्हणून झाले. १८७८ मध्ये हा मार्ग सुरू झाला. दौंडला भीमेवरून रूळ गेले, नगर रेल्वेने जोडले गेले आणि दौंड जंक्शन झाले. आज दौंडहून नगरला तास-दोन तासांत जाणारा प्रवासी ज्या भरावांवरून जातो, त्यातली काही माती एक पौंड धान्यासाठी वाहिलेली आहे.

२२/ रेल्वेने मागे टाकलेल्या शिरूरला रस्ता पुन्हा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एसटी धावली ती पुणे ते अहमदनगर, अर्थात शिरूरवरूनच. ज्या रस्त्याने स्टाँटनची तुकडी रात्रभर चालली, त्या रस्त्यावर आता तिकीट काढून कोणालाही बसता येऊ लागले. पुढे भीमेवर ठिकठिकाणी पूल झाले आणि शिरूर-दौंड हा तीन मजलांचा प्रवास एका सकाळीत मावू लागला.

२३/ अंतर तेव्हाही तेवढेच होते. बैलगाडी, पायदळ आणि घोडदळ यांच्या सरासरी चालीतही फार फरक नव्हता. फरक होता तो नाव कोणाजवळ, रात्रीची शिधासामग्री कोणाजवळ आणि किती लांब चालायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाजवळ, याचा. वेलस्लीने आपली दौड स्वतः आखली. दुष्काळातल्या मजुराची मजल दुसऱ्याने आखली, आणि ती परतता येऊ नये अशी आखली.

२४/ म्हणून शिरूर-दौंडचा बेत कराल, तेव्हा पारगावच्या पुलावर गाडीचा वेग जरा कमी करा. खाली भीमा दिसेल. संध्याकाळी घरी परतणार हे ज्याला सकाळीच ठाऊक असते, असा प्रवासी या वाटेवर अलीकडचाच आहे.

थ्रेड समाप्त.