किरणोत्सारी पदार्थांची वाहतूक : नियम कोण लिहितं आणि त्यात असतं काय?

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या चिखलोली परिसरात एमआयडीसीचे कारखाने आणि राहत्या इमारती एकमेकांजवळ आहेत. अशा औद्योगिक पट्ट्यांत टाक्या, बॉयलर, जाड पाइप यांचं वेल्डिंग आतून पक्कं आहे का, हे तपासायला रेडिओग्राफी कॅमेरा वापरतात. नाव कॅमेरा असलं तरी ती एक जड पेटी असते आणि तिच्या आत इरिडियम-१९२ या किरणोत्सारी पदार्थाची छोटीशी सीलबंद कुपी असते. ही पेटी कामाच्या जागी गाडीतून येते, रिक्षा आणि शाळेच्या बस धावतात त्याच रस्त्याने.

हॉस्पिटलांना लागणारं आयोडीन-१३१ सुद्धा असाच प्रवास करतं. थायरॉइडच्या उपचारात वापरलं जाणारं हे औषध दर ८ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. थोडक्यात, ही वाहतूक बंद ठेवणं हा पर्याय नाही. ती नियमात बसवावी लागते.

मसुदा कुठे तयार होतो?

भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. वाहतुकीसाठीची सुरक्षा संहिता १९८६ मध्ये आली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तज्ज्ञांचा गट मसुदा लिहितो, तो समित्यांकडून तपासला जातो आणि मग मंजूर होतो.

पण मसुदा कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९६१ मध्ये पहिली वाहतूक नियमावली काढली. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि बहुतेक देश तीच आधाराला घेतात. त्यामागे व्यवहाराचं कारण आहे. मुंबईहून विमानाने निघालेली पेटी दुसऱ्या देशात उतरते. दोन्हीकडची मर्यादा वेगळी असेल तर ती पेटी तिथल्या विमानतळावरच अडकेल आणि आतलं औषध वाया जाईल. म्हणून आकडे जवळजवळ तसेच ठेवले जातात. देशाने ठरवायचं ते वेगळं : परवानगी कोण देणार, कागदपत्रं कोणती, अपघात झाला तर कोणी कोणाला कळवायचं.

इथेच गुंता होतो. ट्रकवर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात आणि विमानाला हवाई वाहतुकीचे स्वतंत्र नियम आहेत. मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला वेगळं प्रशिक्षण लागतं आणि अपघातात काय करायचं याचं पत्रक केबिनमध्ये ठेवावं लागतं. आता हे पत्रक चालकाला वाचता येत नसलेल्या भाषेत असेल, तर त्याचा उपयोग फक्त तपासणी नाक्यापुरता.

भरवसा पेटीवर

या नियमांचा गाभा एकच आहे : चालक चुकेल, ट्रक उलटेल, आग लागेल, हे गृहीत धरायचं आणि सुरक्षा पेटीतच बांधायची. आतला पदार्थ किती धोकादायक, त्यानुसार पेटीचा प्रकार ठरतो. कमी प्रमाणासाठी 'ए' प्रकारची पेटी चालते. तिने पाऊस, धक्के, छोटं पडणं असे नेहमीच्या प्रवासातले प्रसंग सोसले की पुरे.

प्रमाण वाढलं की 'बी' प्रकार लागतो. न फुटणाऱ्या सीलबंद कुपीतल्या इरिडियम-१९२ साठी ही सीमा १ टेराबेक्वेरेल, म्हणजे साधारण २७ क्युरी आहे. 'बी' पेटीचा नमुना ९ मीटर उंचीवरून अजिबात न दबणाऱ्या पृष्ठभागावर टाकतात. मग १ मीटरवरून पोलादी खुंटावर आदळतात. त्यानंतर तोच नमुना ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं ठेवतात. पाण्यात बुडवण्याची चाचणी वेगळी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण खऱ्या अपघातातही आधी धडक बसते आणि मग आग लागते.

लेबल काय सांगतं?

पेटीवर तीन पात्यांचं चिन्ह आणि १-पांढरं, २-पिवळं किंवा ३-पिवळं असं लेबल असतं. अनेकांचा समज असतो की पांढरं लेबल म्हणजे आत कमी माल. तसं नाही. पेटीच्या बाहेर किती किरण येतात, त्यावरून लेबलचा प्रकार ठरतो. पिवळ्या लेबलवर एक आकडाही असतो. तो १० असेल तर १ मीटर अंतरावर तासाला ०.१ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे तिथे सलग १० तास उभं राहिल्यास ती गाठली जाईल. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला काळजीचं कारण नाही. चालक आणि हमालाचं मात्र तसं नाही. म्हणूनच पिवळ्या लेबलची पेटी असलेल्या गाडीत चालक आणि मदतनीसांशिवाय कोणी बसायचं नाही आणि प्रवाशांच्या डब्यातून ती न्यायची नाही.

नियम कुठे कमी पडतात?

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे अनेक जण भाजले आणि एकाचा मृत्यू झाला. दिल्ली विद्यापीठातलं जुनं, वापरात नसलेलं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. तिथे ना पेटीची चाचणी फसली, ना ट्रक उलटला. आत काय आहे हे कोणी जाहीरच केलं नव्हतं, त्यामुळे लेबल, परवानगी, प्रशिक्षित चालक हे सगळं लागू होण्याआधीच माल निघून गेला. आत काय आहे ते ओळखून जाहीर करण्याची जबाबदारी संहिता माल पाठवणाऱ्यावर टाकते, वाहतूकदारावर नाही. मसुद्यातलं सगळ्यात वजनदार कलम बहुधा हेच.

रस्त्यात अशी पेटी दिसली तर?

हात लावू नये, उघडू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. लांब उभं राहून ११२ वर पोलिसांना कळवावं. दुरून वाचता आला तर पेटीवरचा यूएन क्रमांकही सांगावा. २९१५ म्हणजे 'ए' प्रकारची पेटी, २९१६ म्हणजे 'बी'. तेवढ्यावरून येणाऱ्या पथकाला कोणती तयारी करून निघायचं ते कळतं.